बांधावरून

आप्पांच्या उजव्या अंगठ्याला कायम निळा खडू लागलेला असायचा. पाण्याच्या पेल्यावर, दाराच्या कडीवर, माझ्या शाळेच्या पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर तो अंगठा उमटलेला असे. आई म्हणायची, "या घरात कधी चोरी झाली ना, तर पहिले तुम्हीच पकडले जाल."

आप्पा विहिरी मोजत. शेती सांभाळून करायचं काम होतं ते, पण गावात त्यांची ओळख शेतीने नव्हती, टेपेने होती. लोखंडी टेपेच्या टोकाला हातभर खडू चोळायचा, विहिरीच्या काठावर रंगाने केलेल्या खुणेपाशी गुडघे टेकायचे आणि टेप हळूहळू खाली सोडायची. टोक पाण्यात बुडालं की तेवढा खडू गडद होतो, वरचा फिका राहतो. टेप वर ओढायची आणि ती रेघ वाळायच्या आत वाचायची. एवढंच काम. पण ऊन पाठीवर, काठाचा दगड गुडघ्याला टोचतोय, आणि वाकून राहिल्यामुळे आप्पांना मधूनच खोकल्याची उबळ येते. मग टेप हलते, रेघ दोनदा भिजते आणि सगळं पुन्हा करावं लागतं.

त्या उन्हाळ्यात मी घरी होते. शहरातल्या वाचनालयात माझी नोकरी. पण आई पायरीवरून घसरली, तिचं मनगट मोडलं, म्हणून जोडून रजा घेऊन आले होते. सकाळी घरातलं उरकायचं, लिंबांना पाणी द्यायचं आणि मग आप्पांबरोबर टेपेची पिशवी घेऊन वरच्या अंगाच्या विहिरी फिरायच्या. खोकला आला की टेप मी धरायची.

"घट्ट धर. टेप आहे ती, म्हशीचं दावं नाही."

"दावं धरता आलं असतं, आप्पा. ही हातातून निसटते."

"मग म्हैस समजून धर."

मागचा पाऊस अर्ध्यावर निघून गेला होता. विहिरी उन्हाळा लागायच्या आधीच खाली गेल्या होत्या. म्हणून पाणीखात्याच्या बाई शाळेच्या मोठ्या खोलीत येऊन बसल्या. गावात त्यांना 'नकाशेवाल्या बाई' म्हणत. भिंतीवर पडदा लावून त्यांनी आमचं सगळं शिवार आभाळातून दाखवलं. आपली घरं काड्यापेटीएवढी पाहून लोक आधी हसले, मग जो तो आपलं शेत शोधायला लागला.

बाई म्हणाल्या, "उपग्रहाला वरून हिरवं दिसतं. कुठलं रान पाणी पितंय तेही कळतं, कारण पाणी पिणारं रान शेजारच्यापेक्षा गार असतं. पण एकेका विहिरीत पाणी कुठवर आहे, ते वरून दिसत नाही. ते आप्पांची टेप सांगते. आणि वरून दिसलेलं हिरवं पीक आहे की तण, तेही कुणीतरी खाली उभं राहूनच सांगावं लागतं. वरचं आणि खालचं दोन्ही जोडलं, तरच पाण्याचा अंदाज खरा ठरतो."

"म्हणजे वरचा एकटा काही कामाचा नाही," मोटारी दुरुस्त करणारा वायरमन मागून म्हणाला. "त्यालाही आप्पा लागतात!"

सगळे हसले. आप्पाही हसले, आणि अंगठा पायजम्याला पुसला.

मग कामाचं बोलणं झालं. प्रत्येकाने आपलं निम्मं रान पड ठेवायचं. बाकीच्या निम्म्याला बेताने पाणी. तेवढं पाळलं तर विहिरी पावसापर्यंत टिकतील. कुणी ठरल्याबाहेर उपसलं, तर वरच्या अंगाच्या एकूण एक मोटारींना सील.

"सगळ्यांच्या का?" वायरमनने विचारलं. "खाणार एक आणि मार सगळ्यांनी खायचा?"

"पाणी खाली एकच आहे," बाई म्हणाल्या. "त्याला बांध नाहीत."

मग पहिला हात काकांनी वर केला. काका म्हणजे आप्पांचे धाकटे भाऊ. "माझं मागचं रान पड. लिहा, बाई. आणि आमच्या अंगाचा जामीन दादा राहील. त्याच्या शब्दाबाहेर कोण जातंय?"

माना हलल्या. आप्पांना कुणी विचारलं नाही. पण त्यांना ते आवडलं होतं. घरी येताना ते नेहमीपेक्षा सावकाश चालले.

आप्पा आणि काका यांच्या शेतांमध्ये एक बांध होता आणि त्या बांधाचा एक नियम होता. आजोबा गेल्यावर वाटणीच्या वेळी पाण्याच्या पाइपावरून दोघांचं इतकं वाजलं होतं की काकांनी फेकलेलं खोरं आप्पांच्या कपाळाला लागलं. भुवईवरचा तो व्रण मी लहानपणापासून पाहत आले. रक्त पाहून काका स्वतःच रडायला लागले होते म्हणे. त्या दिवशी दोघांनी ठरवलं, बोलावल्याशिवाय एकमेकांच्या बांधाच्या आत पाऊल टाकायचं नाही. मग तो नियम इतका अंगवळणी पडला की त्यातला राग कधीच निघून गेला. संध्याकाळी दोघं बांधावर बसत, आप्पा आपल्या बाजूला पाय सोडून, काका आपल्या. चहाची किटली मध्ये.

"मध्ये बांध पडला तेव्हापासून आमचं प्रेम वाढलं," काका पाहुण्यांना सांगत. "नवराबायकोतपण एक घालून घ्यावा."

आमच्या गाई आप्पांच्या दम्यामुळे विकून टाकल्या होत्या. दूध काकांकडून यायचं. पैसे ते घेत नसत. बदल्यात आई लिंबं पाठवायची. रोज सकाळी काकू पितळी किटली आमच्या ओट्यावर ठेवून जायची आणि आदल्या दिवशीची रिकामी घेऊन जायची.

"भावजींच्या गाई सुक्या कडब्यावर आहेत," आई एकदा दूध तापवताना म्हणाली. "पण साय बघ कशी धरतीय."

"जनावर चांगलं आहे," आप्पा म्हणाले आणि पेला पुढे केला.

जामीन राहिल्यावर आप्पांचं काम वाढलं. विहिरी मोजून झाल्या की ते प्रत्येकाचं पड रान पाहून येत आणि बाईंना फोनवरून कळवत. कुणाच्या पड रानात आत शिरून, ढेकूळ फोडून पाहत. कुणी कोपऱ्यात भाजीचे वाफे केलेले असले तर म्हणत, "घरापुरतं आहे ना? असू दे. वाढवू नकोस." काकांचं मागचं रान मात्र ते बांधावरून पाहत. तिथं गेल्या हंगामाचा मका कापायचा राहिला होता. वाळलेली ताटं बांधाच्या कडेने माणसापेक्षा उंच उभी होती. वारा आला की कागद चुरगळल्यासारखा आवाज यायचा.

"पड," आप्पा म्हणायचे आणि पुढच्या विहिरीकडे वळायचे.

उन्हाळा अर्ध्यावर आला आणि आमच्या विहिरीचं काहीतरी बिनसलं. खालच्या अंगाच्या विहिरी ठरल्या अंदाजाने उतरत होत्या. आमची मात्र उतारावर सोडलेल्या गाडीसारखी खाली चालली होती. एका सकाळी टेप खाली सोडली, सोडतच राहिले आणि वर ओढली तर खडू कोरडा.

"पुन्हा खडू लाव," आप्पा म्हणाले.

पुन्हा लावला. आणखी टेप सोडली तेव्हा टोकाला बोटभर ओल लागली. आप्पा तिच्याकडे बघत राहिले. ऊन होतं, रेघ त्यांच्या डोळ्यांदेखत वाळली.

त्या दिवसापासून लिंबांचं पाणी बंद झालं. आईची लिंबं होती ती. ती या घरात आली त्या वर्षी तिने बिया पेरून रोपं केली होती. मोडक्या मनगटाचा हात गळ्यात बांधून ती सकाळ-संध्याकाळ झाडांपाशी जाऊन उभी राहायची आणि भांडी धुतलेलं पाणी एकेका आळ्यात ओतायची. पानं कडेने वळायला लागली होती.

मग नकाशेवाल्या बाई आल्या. ओट्यावरच बसल्या. आईने पाणी दिलं, ते त्यांनी अर्धंच प्यायलं आणि उरलेलं मुद्दाम कुंडीत ओतलं. हातातल्या पाटीएवढ्या पडद्यावर त्यांनी आमचा भाग मोठा करून दाखवला.

"आप्पा, इथं हिरवं दिसतंय. मागच्या चित्रातही होतं, आता वाढलंय. आजूबाजूपेक्षा गारही आहे. आणि तुमची विहीर पडतीय ती नेमकी याच्या शेजारी."

आप्पांनी चष्मा लावून पाहिलं. करड्या तुकड्यांमध्ये एक हिरवा चौकोन. "ते माझ्या भावाचं रान. पड आहे ते."

"पाहिलंत?"

"दर फेरीला पाहतो."

"कुठून?"

"बांधावरून."

"मग आत्ता जाऊ या. दोघं आत जाऊन पाहू. पाच मिनिटांचं काम."

आप्पांनी चष्मा काढला, घडी घातली. "बाई, त्या रानात मी न बोलावता पाय ठेवला तर त्याचा अर्थ मी भावाला चोर म्हणालो असा होतो. आमचं तसं ठरलेलं आहे. आणि तुम्हाला एकटीला पाठवणं म्हणजे तेच."

"चित्र चुकू शकतं," बाई म्हणाल्या. त्यांना आप्पांबद्दल माया होती, ते दिसत होतं. "तण माजलं तरी असं दिसतं कधी कधी. म्हणून तर तुम्ही आहात. वरचं आणि खालचं जुळलं नाही की आम्ही खालच्या माणसाचं धरतो. तुम्ही पड म्हणालात तर मी पड लिहीन. पण विचार करून सांगा."

"मला संध्याकाळपर्यंत वेळ द्या."

संध्याकाळी मी चहाची किटली घेऊन त्यांच्याबरोबर बांधावर गेले. काका आधीच बसले होते. पहिला कप संपला तेव्हा आप्पा म्हणाले, "तुझ्या रानात हिरवं दिसतंय म्हणे. वरून."

काका हसले. "वरून? वरून तर माझं टक्कलही दिसत असेल."

"थट्टा नको."

"अरे, तण असेल मक्यात. कापायला माणूस कुठं मिळतोय?" मग काका उभे राहिले, वाळलेल्या ताटांमधून हाताने वाट केल्यासारखं केलं आणि म्हणाले, "ये आत. बघ. मी बोलावतोय ना! ये."

आप्पांचा चेहरा मला बाजूने दिसत होता. कपाळावरचा व्रण लाल झाला होता, कान लाल झाले होते. विचारल्याचीच त्यांना लाज वाटली होती.

"बस खाली," ते म्हणाले. "तू म्हणालास, झालं."

"नाही, बघच ना."

"बस म्हटलं ना. चहा घे."

घरी आल्यावर त्यांनी बाईंना फोन केला. "पड आहे," म्हणाले. "माझा शब्द लिहा."

त्यानंतर काही दिवसांनी, भर दुपारी, काकू अनवाणी धावत आली. पदर खांद्यावरून घसरलेला, श्वास लागलेला. "भाऊजी, लवकर चला! लाल गाय फुगलीय, डोळे फिरवतीय!" काका तालुक्याला गेले होते. जनावराच्या डॉक्टरचा फोन लागत नव्हता. आणि गावात फुगलेल्या गाईची वाफ उतरवावी तर आप्पांनी.

आप्पांनी तेलाची बाटली आणि दोरी घेतली. मी मागे. आम्ही मक्यापाशी पोचलो आणि काकू एकदम थांबली. तिने दोन्ही हात आडवे केले.

"भाऊजी, तुम्ही इथंच थांबा. मी... मी तिला बाहेर आणते."

"फुगलेली गाय चालेल कशी? सरक."

"पण..."

"तू बोलावलंस ना मला?"

काकूने मान खाली घातली. मग हात खाली केले. आप्पा बांध उतरून आत गेले.

मक्याच्या ताटांच्या चार-पाच ओळीच होत्या. भिंतीएवढ्या जाडीच्या. त्या ओलांडल्या आणि अंगाला गारवा लागला. सगळ्या शिवारात चटके बसत होते आणि इथं ओल्या मातीचा वास येत होता. पूर्ण मागचं रान लसूणघासाने भरलं होतं, गुडघाभर, गडद हिरवं, निळी फुलं आलेलं. कुठंतरी पोत्यांच्या ढिगाखाली मोटार घुमत होती.

आप्पा थबकले नाहीत. घासाच्या मधोमध गाय पाय पसरून पडली होती. डावी कूस ढोलासारखी वर आलेली, जीभ बाहेर. ओला घास हावरटासारखा खाल्ला की जनावर असं फुगतं. आप्पांनी तिला शेपूट पिळून उठवलं, तोंड उतारावर वरच्या बाजूला केलं, मक्याचा एक जाड बुडखा तिच्या तोंडात आडवा घालून शिंगांमागे बांधला, म्हणजे तोंड उघडं राहील. मग बाटली तिरकी करून तेल घशात सोडलं आणि दोन्ही मुठींनी कूस मळायला लागले. खोकला आला तरी हात थांबले नाहीत. मी दोरी धरून उभी होते. माझ्या चपला चिखलात रुतल्या होत्या.

बऱ्याच वेळाने गाईने मान लांब केली आणि ढेकर दिली. घाण वाफ आमच्या तोंडावर आली. कूस खाली बसायला लागली. आप्पांनी तिच्या मानेवर थाप मारली. "गुणाची गं ती," म्हणाले. "तुझा काय दोष."

मग त्यांनी पहिल्यांदा आजूबाजूला पाहिलं. सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत, विहिरीत टेप सोडावी तसं. काकू तोंडाला पदर लावून उभी होती. तिला ते काहीच बोलले नाहीत. बांधावर चढायच्या आधी त्यांनी एक वाळलेलं ताट मोडलं आणि तळपायांचा चिखल खरवडून तिथंच टाकला. आमच्या बाजूला कोरडे पाय घेऊन आले.

संध्याकाळी काका बांधावर आले. आप्पा बसलेले होतेच. किटली नव्हती.

"दादा, गाय वाचवलीस."

आप्पांनी मक्याच्या ताटांकडे पाहिलं.

"गाई विकू का मी? चारा कुठं मिळतोय सांग. तुझ्यासारखं दावणी रिकाम्या करून बसू?"

"मला सांगायचंस."

"सांगितलं असतं तर तू बाईंना कळवलं असतंस."

"हो."

"मग?"

आप्पा म्हणाले, "ये आत, बघ, म्हणालास मला."

"तू येणार नाहीस हे मला माहीत होतं," काका म्हणाले. ते त्यांनी निर्लज्जपणे म्हटलं असतं तर बरं झालं असतं. थोरल्या भावाचं कौतुक करावं, तसं म्हटलं.

"मी उद्या सांगणार आहे."

"दादा, सीलं लागतील. तुलाही लागेल. वहिनीची लिंबं जातील. थोडा दम धर, पाऊस येईलच."

"मी शब्द दिला आहे."

"शब्दाला कोण पाणी घालतंय?" काका म्हणाले आणि उठून गेले.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या खोलीत सगळे जमले. आप्पा उभे राहिले. त्यांनी कागद नेला नव्हता, भाषण केलं नाही. "माझ्या भावाच्या रानात घास आहे. मी पड सांगितलं होतं. बांधावरून पाहून सांगितलं. चूक माझी आहे. उपग्रहाचं खरं होतं."

खोलीत गलका झाला. काकांच्या अंगावर दोघं-तिघं धावले. वायरमनने त्यांची गचांडी धरली. "आमची बागायत जळत होती रे, आणि तू..."

काकांनी त्याचे हात सोडवले. चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी एकदा आप्पांकडे पाहिलं आणि मग सगळ्यांकडे तोंड करून म्हणाले, "मला एकट्याला काय धरता? दादाला माहीत नव्हतं का? त्याच घासाचं दूध रोज त्याच्या घरी जात होतं. विचारा वहिनीला. जात होतं की नाही?"

सगळ्यांनी आईकडे पाहिलं. आई दाराशी उभी होती, हात गळ्यात बांधलेला. तिला खोटं बोलता येत नाही.

"दूध येत होतं," ती म्हणाली. "पण..."

पुढचं कुणी ऐकलं नाही. ठपका वाटला गेला की हलका होतो, हे काकांनी त्या एका क्षणात ओळखलं होतं. मी उठून ओरडले की आप्पांना काही ठाऊक नव्हतं, मी स्वतः बरोबर होते. मागून कुणीतरी म्हणालं, "पोरगी बापाचीच बाजू घेणार. तिनेपण तेच दूध प्यायलंय."

वायरमन आप्पांच्या अगदी जवळ आला. त्याच वायरमनने आमची मोटार कितीदा उधारीवर भरून दिली होती. "साय चांगली धरत होती का हो, आप्पा?" त्याने हळूच विचारलं.

आप्पांनी भावाकडे पाहिलं. नाकारायला त्यांनी तोंडही उघडलं नाही. वाटत होतं की त्यांना अजून काकांचं वाक्य पूर्ण ऐकूच आलेलं नाही, ते अजून ऐकत आहेत.

नकाशेवाल्या बाई सगळे गेल्यावर थांबल्या. "मी तुमचा शब्द लिहिला होता, आप्पा. माझ्या वरिष्ठांनी विचारलं, चित्र काय म्हणतंय? मी म्हटलं, चित्र राहू द्या, खाली माझा माणूस आहे."

"हो, बाई."

"तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?"

आप्पांनी पिशवीतून टेप काढली, तिच्या टोकाचा उरलेला खडू अंगठ्याने नीट पुसला आणि टेप बाकावर ठेवली. बाईंनी प्रश्न विचारला होता, म्हणजे त्यांचा निकाल झालाच होता.

मोटारींना सीलं लागली. खालच्या अंगाच्या नळावरून पाणी आणावं लागे. तिथं बायका आईला सगळ्यात शेवटी भरू देत. कुणी भांडत नव्हतं, फक्त तिची घागर आली की कुणाची तरी आणखी एक घागर मध्ये यायची. लिंबं वाळली. आप्पांनी ती स्वतः तोडली, आईला हात लावू दिला नाही. आमच्या विहिरीवर बाईंच्या माणसांनी एक पाइप उतरवला आणि वर पेटी बसवली. पाणी कुठवर आहे ते ती आपोआप कळवते. गुडघे टेकायला कुणी लागत नाही.

पाऊस आला, चांगला आला. विहिरी भरल्या, सीलं निघाली, आणि लोक काकांशी बोलायला लागले. ज्याने केलं त्याला माफ करणं सोपं असतं. तो शिव्या खातो, हसतो, गाईचा खरवस वाटतो. आप्पांना कुणी शिव्याही दिल्या नाहीत. रस्त्यात भेटले की लोक म्हणत, "काय, जामीन?" आणि पुढे जात.

आप्पांचा दमा थंडीत वाढला. दूध त्यांनी शाळेतल्या त्या दिवसापासून सोडलं होतं. काकूने किटली आणली की आई ती तशीच परत पाठवायची, मग तिने आणणं बंद केलं. मी शहरातून आले की आप्पा उशांना टेकून बसलेले असत. एकदा म्हणाले, "त्याच्याकडे जा. भांडू नको. म्हणावं, शाळेत एकदा सांग. दादाला माहीत नव्हतं, एवढंच. बाकी काही नको."

मी बांधावर जाऊन उभी राहिले. काका खोऱ्याने पाटाची माती ओढत होते. मी निरोप सांगितला. ते खोऱ्याच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवून ऐकत राहिले. डोळे भरून आले त्यांचे. खोटं नव्हतं ते.

"सांगतो," म्हणाले. "दादाला म्हणावं, नक्की सांगतो. जरा लोक निवळू देत. आत्ता कुठं माझ्याशी बोलायला लागलेत."

आप्पांना मी फक्त 'नक्की सांगतो' एवढंच सांगितलं. त्यानंतर दारात कुणाचीही चाहूल लागली की ते मान वळवायचे.

आप्पा गेले ते सकाळी, आई चूल पेटवत असताना. अंगणात माणसं जमली. वायरमन आला, कोपऱ्यात उभा राहून जमिनीकडे बघत राहिला. नकाशेवाल्या बाई आल्या, त्यांनी आईचा हात हातात धरला. अंगठा मी पुसला. खडू तिथं कधीचाच नव्हता, तरी पुसला.

काका सगळ्यांत शेवटी आले. हातात पितळी किटली होती. घरात चूल विझलेली, म्हणून तापवलेलं दूध आणलं असावं. अशा वेळी माणूस काहीतरी हातात घेऊन येतो. ओट्याच्या खाली ते थांबले. माणसांनी त्यांना वाट करून दिली. ते रडत होते, अंग हलवून, लहान मुलासारखे.

आईने त्यांच्याकडे पाहिलं. "भावजी, इथं सगळे आहेत," ती म्हणाली. "शाळेची खोलीच समजा. त्यांना माहीत होतं का?"

काकांनी चुलत्या-पुतण्यांकडे, वायरमनकडे, बाईंकडे पाहिलं. ओठ हलले.

"आता काय उपयोग, वहिनी," ते म्हणाले. "माणूस तर गेला."

मी दारातून बाजूला झाले. आतल्या खोलीत आप्पा होते, ओट्यावरून त्यांचे पाय दिसत होते.

"या आत, काका," मी म्हणाले. "बघा. मी बोलावतेय ना."

त्यांनी मान वर केली. माझ्याकडे बघत राहिले. त्यांना ते शब्द ओळखू आले होते. एक पाय त्यांनी पायरीवर ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि खाली घेतला. किटली ओट्याच्या कडेला ठेवून ते वळले आणि माणसांच्या मागे जाऊन उभे राहिले.

किटलीला कुणी हात लावला नाही. आम्ही आप्पांना पोचवून संध्याकाळी परत आलो तेव्हा ती तिथंच होती. आईने झाकण उचलून पाहिलं. साय नेहमीसारखीच जाड धरली होती.